फ्रिट्झ पोलार्ड: खेळाडू आणि कोच (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एनएफएल, म्हणजे अमेरिकेची नॅशनल फुटबॉल लीग, तिच्यातला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच कोण, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं आर्ट शेल, साल १९८९. कुणी म्हणतं फ्रिट्झ पोलार्ड, साल १९२१. मधली ६८ वर्षं कुठे गेली, हे समजून घ्यायचं तर पोलार्डची कारकीर्द पहिल्यापासून पाहावी लागते. ती सरळ रेषेत जात नाही, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

फ्रिट्झ पोलार्ड कोण होता, थोडक्यात सांगाल का?

फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. जन्म २७ जानेवारी १८९४, शिकागो. उंची पाच फूट नऊ इंच, वजन सुमारे ७५ किलो. म्हणजे त्या खेळाच्या मानाने लहानखुरा, त्या काळातसुद्धा. ब्राउन विद्यापीठाचा हाफबॅक, रोझ बोल या नववर्षदिनी होणाऱ्या कॉलेज संघांच्या सामन्यात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एनएफएलच्या पहिल्याच मोसमात विजेत्या ठरलेल्या अॅक्रन प्रोज संघाचा आधारस्तंभ आणि पुढच्याच वर्षी त्या संघाचा सहप्रशिक्षक. मृत्यू ११ मे १९८६, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला, वयाच्या ९२ व्या वर्षी.

आपल्या मुंबई इंडियन्सच्या पोलार्डशी काही नातं?

नाही. कायरन पोलार्ड त्रिनिदादचा. आडनावापलीकडे काही नाही. पण हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर देऊन टाकलेलं बरं.

नाव फ्रेडरिक, मग "फ्रिट्झ" कुठून आलं?

शेजाऱ्यांकडून. पोलार्ड कुटुंब शिकागोच्या उत्तर टोकाला रॉजर्स पार्कमध्ये राहायचं. वस्ती गोऱ्यांची, त्यात जर्मन बोलणारी घरं बरीच. फ्रेडरिकचं जर्मन लाडकं रूप फ्रिट्झ, ते चिकटलं ते कायमचं. मूळ नाव मात्र आईवडिलांनी विचार करून ठेवलेलं: गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसवरून.

शिकागोत नातेवाईक असलेल्या मराठी वाचकांना हा भाग अनोळखी नाही. ज्या डेव्हन अव्हेन्यूवर आपली मंडळी किराणा आणि साड्या घ्यायला जातात, ती याच बाजूला.

घरचं वातावरण कसं होतं? फुटबॉल कोणी शिकवला?

वडील न्हावी. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेले. आई शिवणकाम करायची. आठ भावंडांत फ्रिट्झ सातवा. घर गरीब म्हणता येणार नाही, आणि शिक्षणाच्या बाबतीत तर चांगलंच पुढारलेलं होतं: बहीण नेओमी ही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

फुटबॉल शिकवला मोठ्या भावांनी. त्यातला लेस्ली डार्टमथ कॉलेजकडून खेळला होता. भावांनी धाकट्याला पळायला शिकवलं तसं पडायलाही शिकवलं. कृष्णवर्णीय खेळाडू खाली पडला की चेंडू मेला असतानाही अंगावर उड्या घेणं, गुडघे खुपसणं, बोटं तुडवणं हे सर्रास चालायचं. म्हणून पोलार्ड पडला की लगेच पाठीवर वळायचा आणि खिळ्यांच्या बुटांचे दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे हवेत फिरवायचा. वरून उडी घेणाऱ्याने दोनदा विचार करावा! ही लकब त्याने व्यावसायिक फुटबॉलमध्येही सोडली नाही. सोडायची सोयच नव्हती.

मला अमेरिकन फुटबॉल कळत नाही. पुढचं वाचण्यापुरतं काय माहीत हवं?

अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, सहा गुण. हाफबॅक हा मुख्यतः चेंडू घेऊन पळणारा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पोलार्डच्या कोचपणाचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. आजचा हेड कोच सीमारेषेवर कानाला हेडसेट लावून उभा असतो आणि प्रत्येक चाल त्याच्या परवानगीने होते. १९२० मध्ये बाहेरून सूचना देणं हे नियमभंगच होतं. एनएफएलमध्ये बाकावरून सूचना देण्याची मुभा मिळाली ती १९४४ साली. त्याआधी सामना सुरू झाला की निर्णय मैदानातल्यांचा, अगदी क्रिकेटच्या कर्णधारासारखा. तेच अकराजण चढाईही करत आणि बचावही. बदली खेळाडूंवर बंधनं होती. अशा खेळात "कोच" म्हणजे आठवडाभर चाली बसवून घेणारा आणि रविवारी त्या मैदानात वेळेवर आठवणारा. तो स्वतः खेळणारा असला तर उत्तमच.

ब्राउन विद्यापीठात तो कसा पोहोचला?

बरीच भटकंती करून. लेन टेक्निकल हायस्कूलमधून १९१२ साली बाहेर पडल्यावर नॉर्थवेस्टर्न, डार्टमथ, हार्वर्ड अशी दारं ठोठावून झाली. शेवटी १९१५ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात ब्राउनला स्थिरावला. रॉकफेलर कुटुंबाची शिष्यवृत्ती मिळाली. विषय रसायनशास्त्र.

पैशांची ओढाताण होतीच, लग्नही झालेलं होतं. त्यावर त्याने काढलेला तोडगा मला त्याच्या सगळ्या धावांपेक्षा बोलका वाटतो: वसतिगृहातल्या खोलीतच कपड्यांना इस्त्री करून देण्याचा धंदा. श्रीमंतांची पोरं कपडे आणून टाकायची, हा कडक घड्या घालून परत द्यायचा. संघात सुरुवातीला कुणी धड बोलत नव्हतं. मैदानात पळायला लागल्यावर बोलायला लागले. धंदा करायची ही खोड त्याला जन्मभर पुरली, ते पुढे येईलच.

रोझ बोलमध्ये नेमकं काय झालं?

१ जानेवारी १९१६, कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना. ब्राउनचा संघ देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर रेल्वेने आला. हॉटेलात पोलार्डला खोली देईनात. तो नसेल तर आम्ही कुणीच राहणार नाही, असं संघाच्या बाजूने सांगितलं गेलं तेव्हा खोली मिळाली.

सामना पावसात आणि चिखलात झाला. चपळाईवर खेळणाऱ्याच्या पायाखाली चिखल म्हणजे संपलंच. पोलार्डने दिवसभरात जेमतेम ४७ यार्ड मिळवले आणि वॉशिंग्टन स्टेटने १४-० असा सामना घेतला. रोझ बोल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून हा दिवस इतिहासात गेला, पण खेळ म्हणून त्याच्या आयुष्यातला हा एक वाईट दिवस होता. दोन्ही खरं आहे.

(आज ज्या मैदानाला रोझ बोल म्हणतात ते १९२२ साली बांधलं. हा सामना टूर्नामेंट पार्कमध्ये झाला होता.)

मग त्याचं नाव झालं ते कशामुळे?

१९१६ च्या मोसमामुळे. नोव्हेंबरात लागोपाठच्या दोन शनिवारी ब्राउनने येलला २१-६ आणि हार्वर्डला २१-० असं हरवलं. त्या काळी हे दोघं म्हणजे कॉलेज फुटबॉलचे सरदार. एकाच मोसमात दोघांनाही हरवणं याआधी ब्राउनला कधी जमलं नव्हतं. दोन्ही सामन्यांत पोलार्ड हाताला लागत नव्हता. प्रेक्षकांतून शिव्या येत होत्या, त्याची उत्तरं तो धावून देत होता.

वर्षअखेर वॉल्टर कॅम्पने आपल्या अखिल अमेरिकन संघात त्याला घेतलं. कॅम्प म्हणजे या खेळाचे नियम घडवणारा माणूस, त्याची यादी म्हणजे शिक्कामोर्तब. त्या यादीत पहिल्या संघात येणारा पोलार्ड दुसरा कृष्णवर्णीय. पहिला हार्वर्डचा सेंटर विल्यम हेन्री लुईस, १८९२ आणि १८९३ चा. हाफबॅक म्हणून मात्र पोलार्डच पहिला.

अभ्यासाकडे दुर्लक्ष झालं ते झालंच. पुढचा मोसम तो ब्राउनकडून खेळू शकला नाही. त्याच ब्राउनने १९८१ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली.

कोच म्हणून पहिली नोकरी कोणती?

अॅक्रनची नव्हे, जरी लोक तेच धरून चालतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेरीलँडमधल्या कॅम्प मीड छावणीत वायएमसीएचा शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम केल्यावर १९१८ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात फुटबॉल कोच झाला. लिंकन ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली संस्था. तिथे तो १९२० पर्यंत होता.

पहिलं वर्ष झकास गेलं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी हॉवर्ड विद्यापीठाशी होणारा सामना म्हणजे या दोन्ही संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांची वर्षाची जत्रा, तो लिंकनने १३-० जिंकला. पुढे गाडी घसरली. पोलार्डची तक्रार अशी की धड साहित्य मिळत नाही, वरून सहकार्य नाही. संस्थेची तक्रार अशी की कोच जागेवर नसतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. आठवड्याच्या शेवटी तो ओहायोची गाडी पकडून अॅक्रनकडून खेळायला जायचा. १९२० च्या थँक्सगिव्हिंगला अॅक्रनचा सामना होता कॅन्टन बुलडॉग्जशी. पोलार्ड तिकडे गेला. अॅक्रनने ७-० ने सामना जिंकला आणि इकडे लिंकनला हॉवर्डने ४२-० असं धुतलं. माजी विद्यार्थी चिडले, ते साहजिकच. पोलार्डवर लिहिणारे बरेच जण हा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. त्याने पत्करलेल्या सगळ्याच जबाबदाऱ्या नीट निभावल्या असं चित्र खोटं ठरेल.

अॅक्रनमध्ये त्याला कसं वागवलं?

अॅक्रन म्हणजे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच हे सगळे कारखाने तिथले, आणि कामगारांत दक्षिणेतून आलेले गोरे पुष्कळ. १९१९ मध्ये पोलार्ड तिथे आला तेव्हा तो संघाच्या खोलीत कपडे बदलू शकत नव्हता. संघमालक फ्रँक नीड याचा सिगारचा धंदा होता. त्या सिगारच्या कारखान्यात पोलार्ड तयार व्हायचा आणि सामन्याच्या वेळेला त्याला न्यायला मोटार यायची. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतः हे सांगितलं आहे. गावात हॉटेल मिळत नसे, खाणावळीत वाढत नसत, आणि मैदानात पाय ठेवला की आपल्याच गावचे प्रेक्षक हुर्यो उडवत.

जिंकायला लागल्यावर हुर्यो कमी झाली.

१९२० चं विजेतेपद खरं की कागदी?

खरं, पण ठरलं कागदावर. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतल्या कॅन्टन गावात, राल्फ हे यांच्या मोटारींच्या शोरूममध्ये संघमालक जमले आणि अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. दोन वर्षांनी तिचंच नाव एनएफएल. त्या मोसमात अॅक्रनने आठ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. जिम थॉर्पच्या कॅन्टनला दोनदा हरवलं. डिसेंबरात शिकागोला कब्ज पार्कवर जॉर्ज हॅलसच्या डिकेटर स्टॅलीजशी ०-० अशी बरोबरी झाली. हेच स्टॅलीज पुढे शिकागो बेअर्स झाले.

अंतिम सामना हा प्रकारच नव्हता. डिकेटर आणि बफेलो या संघांनीही हक्क सांगितला. शेवटी ३० एप्रिल १९२१ रोजी अॅक्रनमध्ये बैठक भरली आणि संघमालकांनी मत देऊन अॅक्रनला विजेता ठरवलं. ब्रन्सविक-बाल्के कोलेंडर नावाचा चषक दिला गेला. तो पुन्हा कधी कुणाला दिला गेला नाही आणि आज तो कुठे आहे हेही कुणाला माहीत नाही. इतकंच नाही, पुढे लीगच हा निकाल विसरली. अनेक वर्षं त्यांच्या नोंदींत १९२० च्या विजेत्यासमोर "अनिर्णित" असा शेरा होता. १९७० च्या दशकात तो दुरुस्त झाला. पोलार्डची कोच म्हणून नोंद का हरवली, असं विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगतो. ज्यांना आपला पहिला विजेता आठवत नव्हता, त्यांना त्याचा कोच कुठून आठवणार?

मग तो खरंच हेड कोच होता का? जुन्या पुस्तकांत तर एल्गी टोबिनचं नाव दिसतं.

दिसतं, आणि वादाची मुळी तिथेच आहे.

जुन्या याद्यांत १९२० आणि १९२१ च्या अॅक्रनपुढे कोच म्हणून एल्गी टोबिनचं नाव छापलेलं असायचं. टोबिनही खेळाडू होता. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणारी संस्था, आज सांगते की १९२१ मध्ये अॅक्रनने पोलार्डला सहप्रशिक्षक नेमलं, खेळाडू म्हणून जागा कायम ठेवून. लीगही त्याला आपला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच मानते.

पोलार्डचं स्वतःचं म्हणणं याहून पुढे जाणारं होतं. त्याच्या सांगण्यानुसार १९१९ मध्ये आल्याबरोबर त्याने सराव पाहिला आणि चाली जुनाट वाटल्या. ब्राउनमध्ये एडवर्ड रॉबिन्सन यांनी शिकवलेल्या चाली आपण बसवून बघू का, असं त्याने सुचवलं. काही खेळाडूंनी नाकं मुरडली. तेव्हा नीडने सगळ्यांना बजावलं की पोलार्ड सांगेल तसं करायचं, ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच निघावं. म्हणजे त्याच्या मते तो आल्यापासूनच कोच होता.

माझं मत विचाराल तर "हेड कोच" ही आजची खुर्ची १९२१ मध्ये नेऊन ठेवण्यातच घोटाळा आहे. ती खुर्ची तेव्हा कुणाचीच नव्हती. चाली कोणी आणल्या, त्या कोणी बसवून घेतल्या आणि सामन्यात कोणाच्या हातात होत्या, एवढंच विचारावं. तिन्हींची उत्तरं पोलार्डकडे जातात. गोऱ्या खेळाडूंचा संघ त्याचं ऐकत होता, तेही अशा गावात जिथे त्याला जेवायला हॉटेल मिळत नव्हतं. टोबिनचं नाव पुसायची काही गरज नाही; दोघं मिळून चालवत होते.

१९२१ मध्ये अॅक्रनने आठ जिंकले, तीन हरले, एक बरोबरीत. तिसरा क्रमांक.

पॉल रोबसन त्याच्या संघात होता हे खरं का?

हो. गायक आणि नट म्हणून पुढे जगभर, भारतातही, गाजलेला रोबसन तेव्हा कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत होता. रटगर्स विद्यापीठाचा तो नावाजलेला एंड, म्हणजे रांगेच्या टोकाला खेळणारा. फीसाठी पैसे हवे होते. पोलार्डने त्याला १९२१ मध्ये अॅक्रनला आणि १९२२ मध्ये मिलवॉकी बॅजर्सला आणलं. मिलवॉकीत काही काळ ड्यूक स्लेटर हा आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडूही होता. बॅजर्समध्ये पोलार्ड संघ चालवण्यातही सहभागी होता, असं काही नोंदी सांगतात.

पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकही तोच?

१९२३ मध्ये हॅमंड प्रोजकडून खेळताना, असं हॉल ऑफ फेम सांगतं. आज क्वार्टरबॅक म्हणजे चढाई चालवणारा आणि चेंडू फेकणारा. मात्र तेव्हाचा क्वार्टरबॅक आणि आजचा क्वार्टरबॅक यांत नावापुरतंच साम्य. चेंडू बहुतेक वेळा थेट हाफबॅककडे जायचा, फेकाफेक कमी. त्यामुळे हा मान नोंदीपुरता ठीक, त्यावर फार इमले बांधू नयेत.

त्याला सामन्याचे १५०० डॉलर मिळायचे म्हणे?

हा आकडा बऱ्याच ठिकाणी छापलेला आहे, विशेषतः पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यातल्या गिल्बर्टन संघाच्या संदर्भात. १९२३-२४ मध्ये तो तिथे खेळला आणि कोचही होता. हा संघ एनएफएलचा नव्हता. त्या काळी बहुतेक खेळाडूंना सामन्यामागे शंभर-दीडशे डॉलर मिळाले तरी चैन असायची. तेव्हा १५०० हा आकडा चिमूटभर मीठ लावूनच घ्यावा. पोलार्ड तेव्हाच्या सर्वाधिक कमावणाऱ्यांपैकी एक होता, यात मात्र शंका नाही. प्रेक्षक त्याला बघायला यायचे, हे खाणगावांच्या मालकांनाही कळत होतं.

१९२६ नंतर लीगने सगळ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना काढून टाकलं, बरोबर?

अर्धं बरोबर. पोलार्डची एनएफएल कारकीर्द १९२६ मध्ये अॅक्रनमध्येच संपली, हे खरं. त्याआधीच्या एका १९२५ सालात त्याने हॅमंड, अॅक्रन आणि प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर अशा तीन संघांकडून खेळून घेतलं होतं. पण "सगळ्यांना" एकदम काढलं हे चूक. ड्यूक स्लेटर १९३१ पर्यंत शिकागो कार्डिनल्सकडून खेळत होता. १९३३ मध्ये कार्डिनल्सचा जो लिलार्ड आणि पिट्सबर्गचा रे केम्प हे दोघं उरले होते. १९३४ च्या मोसमात एकही नव्हता.

लेखी बंदी कुणी कधी घातलीच नाही, म्हणूनच ती बारा मोसम टिकली. "लायक खेळाडू मिळत नाहीत" म्हटलं की काम भागत होतं. संघमालकांत बोट दाखवलं जातं ते मुख्यतः जॉर्ज प्रेस्टन मार्शलकडे. त्याच्या वॉशिंग्टन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९६२ मध्ये. पोलार्डचा राग मात्र जॉर्ज हॅलसवर होता. हॅलसनेच आपल्याला बाहेर ठेवलं असं तो म्हणायचा, हॅलसने ते साफ नाकारलं. इतर मालक गप्प राहिले, आणि अशा बंदीला तेवढं पुरतं.

१९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं. तेही मनाने नव्हे: रॅम्सला कोलिझियम हे सार्वजनिक मैदान हवं होतं आणि जनतेच्या पैशाच्या मैदानावर वर्णभेद चालणार नाही, असा दबाव आला.

बाहेर पडल्यावर तो काय करत होता?

संघ काढत होता. लीगमध्ये संघ मिळत नाही ना, मग आपला उभा करू.

१९२८ मध्ये त्याने शिकागो ब्लॅक हॉक्स हा संपूर्ण कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ बांधला. हॉकीचा त्याच नावाचा संघ वेगळा, घोळ करू नका. शिकागोत गोऱ्या संघांशी सामने आणि हिवाळ्यात कॅलिफोर्नियाचे दौरे, असा बेत. हेतू उघड होता: गोरे आणि काळे एकमेकांविरुद्ध खेळले तर दंगल होत नाही आणि तिकिटंही खपतात, हे दाखवून द्यायचं. महामंदीत, १९३२ च्या सुमारास संघ बुडाला.

मग न्यूयॉर्क. १९३५ मध्ये हार्लेममधल्या ब्राउन बॉम्बर्स संघाचा तो कोच झाला. नाव मुष्टियोद्धा जो लुईसच्या टोपणनावावरून. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला डिकमन ओव्हल मैदानावर त्यांचे सामने व्हायचे. लीगमधून बाहेर पडलेला जो लिलार्ड इथे त्याच्या हाताखाली खेळला. तीन मोसम पोलार्ड तिथे होता. माझ्या मते कोच म्हणून त्याची खरी कसोटी हीच. अॅक्रनमध्ये तो स्वतः चेंडू घेऊन पळू शकत होता, इथे चाळिशी ओलांडलेली. जे काय करायचं ते दुसऱ्यांच्या पायांनी. आणि खेळवायचं कुणाला, तर ज्यांना लीगचं दार बंद आहे अशा पोरांना. त्याच्या चरित्रात या वर्षांना दोन परिच्छेद मिळतात, अॅक्रनला वीस.

आणि फुटबॉलशिवाय?

इस्त्रीचा धंदा आठवतोय ना? १९२२ मध्ये शिकागोत एफ. डी. पोलार्ड अँड कंपनी ही गुंतवणूक संस्था काढली, ती मंदीत १९३१ साली दिवाळखोरीत गेली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंडिपेंडंट न्यूज नावाचं कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र काढलं, ते १९४२ पर्यंत चाललं. नंतर कलाकारांचं बुकिंग, हार्लेममध्ये स्टुडिओ, चित्रपटनिर्मिती, कर सल्लागार. स्वस्थ बसणं हा प्रकार त्याला ठाऊक नसावा.

त्याच्या मुलाने ऑलिंपिक पदक मिळवलं होतं का?

हो. फ्रिट्झ पोलार्ड ज्युनिअर, १९३६ बर्लिन, ११० मीटर अडथळ्यांची शर्यत, कांस्य. जेसी ओवेन्सचं ऑलिंपिक तेच.

हॉल ऑफ फेममध्ये यायला २००५ का उजाडलं?

कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९५४ मध्येच गेला होता. (तिथला तो पहिला कृष्णवर्णीय असं कधी कधी लिहिलं जातं, ते चूक, ड्यूक स्लेटर १९५१ मध्ये गेला होता.) कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम १९६३ मध्ये उघडलं आणि तिथे मात्र तो मरेपर्यंत गेला नाही. मरणानंतरही १९ वर्षं गेली.

एक कारण नोंदींचं. १९२० च्या दशकात लीग अधिकृत आकडेवारीच ठेवत नव्हती. कोणी किती यार्ड पळालं हे वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून वेचावं लागतं. आकडे नसलेल्या खेळाडूला मतं मिळणं कठीण. पण हे कारण पूर्ण पुरत नाही. त्याच धूसर काळातले गोरे संस्थापक आणि खेळाडू १९६३ च्या पहिल्याच तुकडीत आत गेले होते, जॉर्ज हॅलस आणि जिम थॉर्प धरून. मार्शलसुद्धा त्याच तुकडीत. पोलार्डसाठी त्याच्या घरच्यांना आणि मूठभर इतिहासकारांना कित्येक वर्षं पाठपुरावा करावा लागला. २००५ मध्ये डॅन मरिनो, स्टीव्ह यंग आणि बेनी फ्रीडमन यांच्यासोबत त्याचा समावेश झाला.

१९८९ चं आर्ट शेलचं काय? आणि "रूनी नियम" म्हणजे काय?

३ ऑक्टोबर १९८९ रोजी लॉस एंजेलिस रेडर्सने आर्ट शेलची हेड कोच म्हणून नेमणूक केली. पोलार्डनंतरचा हा पहिलाच, म्हणून बातम्यांत "आधुनिक काळातला पहिला" असा शब्दप्रयोग रुळला. पोलार्डला जाऊन तीन वर्षं झाली होती.

२००२ मध्ये वकील जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी यांनी एक अहवाल मांडला: कृष्णवर्णीय कोचना नोकरी सगळ्यांत शेवटी मिळते आणि सगळ्यांत आधी जाते. त्याच वर्षी टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन हे दोघे चांगली कामगिरी असूनही पदावरून गेलेले होते, त्यामुळे अहवालाला धार आली. २००३ पासून लीगने नियम केला की हेड कोच नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या डॅन रूनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. पुढे नियम वाढवला गेला आणि इतर पदांनाही लागू झाला. मुलाखत सक्तीची आहे, नेमणूक नाही. त्यामुळे देखाव्यापुरत्या मुलाखती होतात ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

हा नियम पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवायला त्याच वर्षी कोच, स्काउट आणि कार्यालयातल्या लोकांची एक संघटना उभी राहिली. तिचं नाव फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स. डंजीने २००७ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. समोर शिकागो बेअर्स होते, हॅलसचाच संघ, आणि त्यांचा कोच लव्ही स्मिथही कृष्णवर्णीय होता.